फलोदीहून आलेला कागद

फलोदी, जोधपूर जिल्हा
१४ जानेवारी १९६२

गं. भा. मथुराआक्कास,

वरची दोन अक्षरे लिहिली आणि पेन खाली ठेवून बाहेर जाऊन आलो. तुझ्या नावामागे ती लागण्यात माझा हात होता असे तू म्हणतेस, हे गावाकडून येणाऱ्यांनी मला सांगितले आहे. ते पूर्ण खरे नाही. पण त्यावर वाद घालायला हे पत्र लिहीत नाही.

सात वर्षांत मी पाठवलेली तीन पत्रे तू न फोडता परत केलीस. या वेळी पाकिटावरचे अक्षर मुद्दाम वेडेवाकडे काढले आहे. फसवणुकीबद्दल क्षमा कर.

मी इथे पाणी शोधणाऱ्या सरकारी तुकडीत कारकून आहे. यंत्राने जमिनीत भोक पाडतात आणि किती फूट खाली गेले, काय लागले, ते मी वहीत लिहितो. परवा चारशे फुटांवर पाणी लागले. खारट, आणि सडक्या अंड्यांचा वास. पिण्याचे पाणी उंटावरून येते, पण अंघोळ त्याच वासाच्या पाण्याने करावी लागते. जेवणात वाळू, डोळ्यांत वाळू. मासा या शब्दानेसुद्धा इथल्या लोकांना शिसारी येते.

आता कामाचे. नानांचे पत्र आले आहे. येत्या पाडव्याला त्यांची एकसष्टी करायची ठरली आहे आणि त्यानिमित्त त्यांच्या चरित्राची एक पुस्तिका छापायची आहे. ती मी लिहावी अशी त्यांची इच्छा. वडिलांच्या मागे या चुलत्यानेच मला मॅट्रिकपर्यंत शिकवले, त्यांच्याच पेढीवर मी लिहिता झालो, तेव्हा नाही म्हणणे कठीण. मालवणात नवी शाळा निघते आहे. तिच्या मंडळावर नाना आहेत. पुस्तिका मनासारखी झाली तर तिथे मला जागा मिळेल, असे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. आक्का, मला घरी यायचे आहे.

पुस्तिकेत त्यांचे 'पद्मावती' गलबत बुडाल्याचे प्रकरण व्यवस्थित यावे अशी त्यांची सूचना आहे. ते टाळता येणार नाही. पण भिकाजीभावोजींबद्दल वाईट शब्द कमीत कमी यावेत हे मी बघेन. त्यांच्या दोन-चार चांगल्या आठवणी कळवशील तर त्याही घालीन.

विमला आता मोठी झाली असेल. तिला माझा आशीर्वाद.

काशीराम


दांडी, मालवण
२९ जानेवारी १९६२

काशीराम,

पाकिटावरचा अक्षर वळाखला नाय म्हणान फोडलंय. आत बघलंय तर तू. फोडला तसा वाचून काढलंय.

चांगल्या आठवणी कळव म्हणतंस. माझ्या घोवाचा नाव नानांच्या पुस्तकात माका नको. चांगला नको नि वाईट नको.

हयसर काय चल्लाहा ता आयक. विमला सतरा वर्सांची झाली. तारकर्लेच्या एका घरान तिका बघून पसंत केल्यानी. मगे तेंका कोणी तरी सांगल्यान, हिचो बापूस दारू पिऊन गलबत घेवन गेलो नि चार जणांका बुडवल्यान. तेंचो निरोप इलो, वायच थांबतंव. बाजारात मी मासे घेवन बसतंय थय आनंदीबाय, त्या बुडालेल्या सत्यवानाची आवस, माझ्याकडे पाठ करून बसता. आठ वर्सां. तिचो काय दोष? तिका कागद वाचून दाखवल्यानी. तो कागद तुझ्या अक्षरातलो.

माका तुका एकच इचारूचा आसा. तुझ्या भावोजीक चार दिवस ताप होतो. तू घरात इलंस नि सांगलंस, गलबताच्यो फळयो भरून झाल्यो, मी सोता बघलंय. मी चुलीकडे होतंय. माझ्या कानांनी आयकलंय. तुझ्या शब्दार तो उठान गेलो.

तू बघलेलंस काय नाय? ह्याचा उत्तर धाड. दुसरा काय लिवू नको.

मथुरा


फलोदी
१२ फेब्रुवारी १९६२

आक्का,

तू पत्र लिहिलेस. चौथीपर्यंत शिकलेल्या तुझ्या त्या टपोऱ्या अक्षराकडे मी कितीतरी वेळ पाहत होतो.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर देणार आहे. पण त्याआधीचे नीट लिहू दे.

पुस्तिकेची चाळीस पाने झाली आहेत. नानांचे बालपण, नानांचा व्यापार, नानांचे दातृत्व. 'ज्यांच्या अंगणातून कोणीही विन्मुख परतले नाही' असे वाक्य मी लिहिले आहे. ते लिहिताना हात थांबला नाही. माझे अक्षर सुंदर आहे, भाषा वळणदार आहे, लहानपणापासून सगळे तेच म्हणत आले. नानांनी मला शिकवले ते यासाठीच. आता स्वतःची पाने वाचली की तोंडात लाळ सुटते, ओकारीच्या आधी सुटते तशी.

आता विजयदुर्गच्या धर्मशाळेचे प्रकरण चालू आहे. ती धर्मशाळा म्हणजे नानांच्या पुण्याईचा कळस, असे मी लिहायचे आहे. चोपन्न सालच्या मे महिन्यात तिच्या भिंती उभ्या होत्या आणि छप्पर बाकी होते. पावसाआधी कौले चढली नाहीत तर मातीच्या भिंती जातील, म्हणून नानांना घाई. कौले मालवण बंदरात येऊन पडलेली. बाकीच्या मालकांनी गलबते ओढून शाकारून ठेवली होती. नाना म्हणाले, एक खेप जाईल. तळाच्या दोन फळ्यांतून पाणी येते, फटीत कापूस आणि राळ भरल्याशिवाय मी जाणार नाही, असे भावोजींनी गलबताची जबाबदारी असलेला तांडेल म्हणून बजावले होते. पुढचे तुला माहीत आहे. सव्वीस तारखेला सकाळी 'पद्मावती' निघाली आणि दुपारी आचऱ्यासमोर वारा उठला. भावोजींचे प्रेत किनाऱ्याला लागले. बाकीच्यांचे तेही लागले नाही.

तिसऱ्या दिवशी बंदराचे अधिकारी नानांच्या पेढीवर आले. माझी साक्ष मीच लिहिली, कारण माझ्याइतके चांगले कोणाला लिहिता येत नव्हते. अधिकारी आत जेवत होते. नाना माझ्याजवळ येऊन बसले.

"तेच्या तोंडाक वास होतो, असा लिव."

मी विचारले, "कसलो वास?"

नाना पान लावत राहिले. मी लिहिले. ताडी लिहायची की दारू, हेसुद्धा मीच ठरवले. दारू लिहिली, अधिकाऱ्याला तो शब्द चटकन समजेल म्हणून. त्याखाली 'मालकाची मनाई असता' हे तीन शब्द घातले, ते मला कोणी सांगितलेही नव्हते. वाक्याला तोल यावा म्हणून घातले.

भावोजी चार दिवसांच्या तापातून उठले होते. पेजेशिवाय त्यांच्या पोटात काही नव्हते, हे मला माहीत होते.

हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. एवढे तुला पुरे व्हावे. फळ्यांचे पुढच्या पत्रात लिहितो.

काशीराम


फलोदी
६ मार्च १९६२

आक्का,

तुझे उत्तर आले नाही. येणार नाहीच, कारण प्रश्न तुझा होता.

नानांना पाठवलेली पाने तपासून परत आली आहेत. समासात त्यांनी तांबड्या शाईने लिहिले आहे. धर्मशाळेचे प्रकरण त्यांना आवडले. गलबताच्या प्रकरणात मी भावोजींची दारू वगळली होती, फक्त 'दुर्दैवाने वादळ उठले' एवढेच ठेवले होते. त्यावर त्यांनी लिहिले आहे, 'तांडेलाचे व्यसन यावे. त्याशिवाय मालकाची क्षमाशीलता उठून दिसत नाही. त्याच्या विधवेला आम्ही बंदरावर मासे विकण्यास जागा दिली हेही यावे.'

मी ते वाचले आणि तंबूच्या मागे जाऊन उलटी केली. हे अलंकारिक लिहीत नाही. सकाळची बाजरीची भाकरी जशीच्या तशी पडली. ती जागा तुझी आहे, आपल्या आईची होती, तिच्या आईची होती. आणि या तांबड्या शाईला 'आपली आज्ञा शिरसावंद्य' असे उत्तर मी दोन वर्षांपूर्वी दिले असते. दोन महिन्यांपूर्वीही दिले असते.

सगळी पाने आचाऱ्याला चुलीत घालायला दिली. नानांना लिहून टाकले की पुस्तिका मी लिहिणार नाही. शाळेतली जागा गेली.

त्या दिवसापासून दुसरा कागद लिहायला घेतला आहे. एकच. बंदर कचेरीसाठी, जे घडले ते, साध्या शब्दांत. वीस ओळींचे काम. पाच दिवस झाले, ते होत नाही. बाकी सगळे लिहून झाले. दारूचे वाक्य खोटे होते, हे एका ओळीत लिहिले. फळ्यांशी आलो की हात आपली जुनी वळणे घेतो. पहिल्यांदा लिहिले, 'फळ्या भरल्या गेल्याचे समजले होते.' कोणाला समजले होते? कोणाकडून? ते खोडले. मग लिहिले, 'फळ्यांविषयी तांडेलाचा गैरसमज झाला.' तेही खोडले. कचेरीच्या मराठीत माणसाला नाहीसे करायची इतकी सोय आहे की बघत राहावे. कोणी काही करतच नाही, सगळे आपोआप घडते. मी त्या भाषेत तरबेज आहे. आता तिची मला झुरळासारखी किळस येते, आणि दुसरी मला येत नाही.

बाहेर या लोकांचा वसंत आला आहे. रोहिड्याची वाळकी झाडे, ज्यांच्यावर महिनाभरापूर्वी काही नव्हते, ती पानांच्या आधी केशरी फुलांनी भरून गेली आहेत. केर नावाच्या काटेरी झुडपांना लाल फुले आली आहेत. वाळूत जिकडे बघावे तिकडे रंग. तुकडीतली माणसे खुशीत आहेत, उंटवाले संध्याकाळी गातात. मला ते बघवत नाही. काल तुकडीचा पहारेकरी मघाराम, हा इथलाच म्हातारा, रोहिड्याची डहाळी माझ्या टेबलावर ठेवून गेला. मी ती बाहेर फेकली. त्याने बघितले. थोड्या वेळाने तंबूच्या दारात येऊन आपल्या मारवाडीत विचारू लागला.

"बाबूजी, फुलांनी तुमचे काय केले?"

"काही नाही."

"मग काय लिहिता रोज? लिहिता आणि फाडता."

मी म्हटले, "एक खरी गोष्ट लिहायची आहे."

तो म्हणाला, "मग बोलून टाका. माझ्याशी बोला. मला मराठी कळत नाही, तेव्हा तुम्हाला लाज वाटणार नाही."

मी त्याला हाकलले. फळ्यांचे अजून लिहिलेले नाही, हे मला माहीत आहे.

काशीराम


फलोदी
२३ मार्च १९६२

आक्का,

होळीच्या दुसऱ्या दिवशी सगळी तुकडी रंग खेळायला गावात गेली होती. मघाराम तेवढा पहाऱ्याला होता. मी त्याला बोलावून समोर बसवले आणि आपल्या मालवणीत सगळे सांगितले. त्याला एक अक्षर कळले नाही. मान हलवत ऐकत राहिला. मालवणीत 'समजले होते' असे म्हणता येईना. तिथे 'मी बघलंय' आणि 'मी सांगलंय' असेच तोंडातून आले. तो उठून गेल्यावर जे बोललो तेच खाली उतरवले. तासाभरात कागद पुरा झाला.

आता तुझे उत्तर.

तू विचारलेस, फळ्या भरलेल्या मी बघितल्या होत्या की नाही. नाही. आणि याहून वाईट आहे, तेही सांगतो. फळ्या भरलेल्या नाहीत हे मी बघितले होते. भावोजी तापाने पडले असताना नानांनी मला वाळूवर पाठवले. राळ भरणारा माणूस आलाच नव्हता. बोटाचे टोक जाईल एवढी फट होती, मी त्यात बोट घालून पाहिले. परत येऊन नानांना सांगितले. नाना म्हणाले, "भरल्यो म्हणान सांग तेका. एक खेप तर आसा." मी तुझ्या घरी आलो. भावोजी घोंगडीत बसले होते. त्यांनी विचारले, "तू सोता बघलंस?" मी म्हटले, "बघलंय." ते म्हणाले, "मगे झाला." दुसऱ्या कोणाचे त्यांनी ऐकले नसते. बायकोचा भाऊ म्हणून ऐकले. ते बंदरावर आले तेव्हा गलबत पाण्यात होते आणि कौले भरून झाली होती, तळ बघायला जागा उरली नव्हती.

का बोललो, हे मी या कागदात लिहिलेले नाही, कारण लिहिण्यासारखे काही सापडत नाही. नानांची भीती होती म्हणावे तर तेवढी नव्हती. मला नाही म्हणायचा कंटाळा आला होता. पाच माणसे माझ्या कंटाळ्याने गेली.

आत कागदाची नकल ठेवली आहे. मूळ कागद सही करून बंदर कचेरीला रजिस्टरने पाठवला. नकलेचे तू काय वाटेल ते कर. सुरुवात अशी आहे: 'मी खाली सही करणारा काशीराम, मे १९५४ मध्ये पद्मावती गलबताचा तांडेल भिकाजी व इतर चार खलाशी यांच्या मृत्यूबद्दल जी साक्ष दिली ती खोटी होती.'

लिहून झाल्यावर माणसाला हलके वाटते असे ऐकले होते. मला तसे काही वाटले नाही. हात धुतले. पाण्याला तोच वास होता.

काशीराम


दांडी, मालवण
९ एप्रिल १९६२

काशीराम,

तुझो कागद गावलो.

पयलो मी एकटी वाचलंय. फट किती मोठी होती ता वाचलंय थय थांबलंय. तू बोट घातलंस नि त्याच हातान माझ्या घरात पेज जेवलंस. त्या दिवशी मी तुका पेज वाढलेलंय, तुका याद नसात. माका इतकी किळस इली की ता ताट मी शोधूक लागलंय, टाकूक. आठ वर्सांत खंय गेला ता गावला नाय.

मगे मी विमलाक वाचूक दिलंय. ती म्हणाली, आये, ह्या आपल्याच घरात ठेवन काय उपेग? चल. तशी आमी निघालंव. बुडालेल्यांची चार घरां. बाबूच्या बायलेकडे, दत्तारामाच्या बापाशीकडे, भाईच्या भावाशीकडे. मागसून आनंदीबायकडे. परतेक घरात विमलान वाचल्यान, मी बाजूक बसलंय. दत्तारामाचो बापूस आयकान घेवन म्हणालो, "आमी तुमच्या दारात आठ वर्सां पाय ठेवक नाय." इतक्याच बोललो. बाबूची बायल रडाक लागली ती थांबाच नाय.

आनंदीबाय आमका घरात घेवक तयार नव्हती. भायर अंगणात उभी रवान विमलान वाचल्यान. आनंदीबाय जाळा विणीत होती, मान वर करूक नाय. सगळा झाल्यार ती म्हणाली, "परत वाच." परत वाचल्यान. मगे ती म्हणाली, "ह्या कागदात माझ्या झिलाचा नाव खंय आसा?"

विमला कागद उलटो पालटो करून बघूक लागली. नाय होता. 'इतर चार खलाशी.' खोट्या साक्षीत तूच तसा लिवलेलंस, मी तो कागद इसारलंय नाय. खऱ्या साक्षीत पण तसाच.

आनंदीबाय म्हणाली, "तेका सांग, माझो झील इतर नव्हतो. एकोणीस वर्सांचो होतो. तेचा नाव सत्यवान. काशीराम तेका वळाखी. दोघां एका शाळेत होती." मगे ती माका म्हणाली, "तू आत ये गो." मी गेलंय. आमी दोघी बसलंव.

पाडव्याक नानांची एकसष्टी झाली. दुसऱ्या कोणी तरी पुस्तक लिवल्यान. आमची वाडी जेवक गेली नाय. नानांनी माणूस धाडलो, कागद माझ्याकडे दी म्हणान. मी सांगलंय, चार घरांनी आसा, थय जावन माग.

तारकर्लेची माणसां म्हणतत, कागद कोणय लिवता, तो माणूस येवन तोंडान बोलात तर खरा. बंदर कचेरीतलो सायब पण तसाच म्हणालो, जुन्या कामात कागद घालूचो तर लिवणाऱ्यान सोता हजर रवाक होया.

तेव्हा तू ये. माझ्या घरात येवचा नाय. पण ये. माणसांका तुका इचारूचा आसा.

मथुरा


फलोदी
१७ एप्रिल १९६२

आक्का,

तुझे पत्र काल मिळाले. सत्यवान माझ्या दोन इयत्ता मागे होता. त्याचे नाव मला आठवत नव्हते असे नाही. लिहायचे सुचलेच नाही. मी खरे लिहिताना माझ्याच पापाकडे टक लावून बघत होतो. आपण किती नीच, हे नीट मांडायच्या नादात ती माणसे पुन्हा एकदा बुडवली. कागद पुरा झाला म्हणून मी तुला कळवले होते, त्याची आज शिसारी येते.

नवा कागद केला आहे. त्यात ओळीने नावे आहेत. भिकाजी, तांडेल, वय चौतीस. बाबू, वय तीस. भाई, वय सव्वीस. दत्ताराम, वय बावीस. सत्यवान, वय एकोणीस, सुकाणूला बसायला शिकत होता. वये चुकली असतील तर दुरुस्त करून घेऊ. आडनावे, बापांची नावे तिथे येऊन विचारून घालीन.

एक महिन्याची रजा मागितली, वीस दिवसांची मिळाली. परवाच्या गाडीने निघतो. रोहिड्याची फुले गळून वाळूत कुजली आहेत, वारा तापला आहे. मघारामने स्टेशनपर्यंत उंट देऊ केला आहे.

मला कोणी न्यायला येऊ नये. देवळाच्या पडवीत उतरेन.

काशीराम


दांडी, मालवण
१० जून १९६२

काशीराम,

तू गेल्यार काय झाला ता कळवूक होया म्हणान लिवतंय.

कचेरीतल्या सायबान तुझी साक्ष जुन्या कामात घातल्यान. तेचो शिक्को मारलेलो कागद इलो. नानांका काय एक झाला नाय. शाळेक तेंचाच नाव दिल्यानी. वाडीतलो कोण आता तेंच्या गलबतार चढणा नाय, तेंनी खलाशी देवगडाहून हाडल्यानी. इतक्याच.

तारकर्लेची माणसां परत इली. तू देवळाच्या अंगणात उभो रवान दोन दिवस सगळ्यांच्या प्रश्नांका उत्तरां दिलंस ता तेंनी आयकलेला. म्हणाली, आता आमचा मन साफ झाला. विमला आतून भायर इली. "माझो बापूस दारू पिय नव्हतो म्हणान मी चांगली झालंय, नि पिय असतो तर?" मगे तिणी सांगल्यान, "माका तुमच्या घरात येवचा नाय." मी तिका बोललंय नाय. चेडवाचा खरा आसा. आता दुसऱ्या खंय बघूया.

तुझ्या कागदाच्यो विमलान नकलो केल्यान, परतेक घराक एक. बाबूच्या बायलेन सांगल्यान तसा तेचा वय बदलल्यान, एकतीस होता. आनंदीबायन नकल घडी घालून देवाकडे ठेवल्यान. तू जावच्या आदल्या दिवशी तिणी तुका आपल्या घरात जेवक वाढल्यान. मी भायरसून बघलंय.  तिका मी मगे इचारलंय, कसा वाढवला गो तुका? ती म्हणाली, "तेच्याकडे बघूकच नाय. भुकेलेलो माणूस म्हणान वाढलंय. माझ्या झिलाची याद असलेलो आता तोच एक शाळेतलो रवलो."

तिका जमला. माका जमणा नाय. तू देवळाच्या पडवीत निजलेलंस, बारा दिवस, नि माझा घर हाकेर होता. एकदा पण मी तुका ये म्हणूक नाय. त्याचा माका वाईट वाटणा नाय. वाटाक होया काय, ता पण माका समजणा नाय.

तो कागद आता फुडे लिवू नको. पुरो झालो.

पत्र लिवताना माणसां पयला इचारतत, तू बरो आसस मां, म्हणान. माझ्या हातान अजून ता लिवला जाणा नाय. जायत त्या दिवशी लिवीन.

मथुरा